खालच्या हवेतलं इंजिन

उंच पठारावरच्या मुरगाबच्या मोटार आगारात मेकॅनिक तुर्दुकुलच्या हाताखालून गेलेला ट्रक चढाला दबत नसे. तिथली हवा विरळ. मैदानासाठी बांधलेलं इंजिन तिथं अर्ध्या जिवानं चालायचं. तुर्दुकुल सिलिंडरची हेडं, म्हणजे वरची झाकणं, उतरवायचा आणि मशिनवर त्यांच्या तळाचा दीडेक मिलिमीटर थर काढायचा. मग आतली जागा कमी व्हायची, हवा जास्त दाबली जायची आणि त्याच हलक्या पेट्रोलवर इंजिन जोरात ओढायचं. नियमात हे बसत नव्हतं. पण सारी-मोगोलच्या खाणीतला कोळसा वेळेवर येतोय म्हटल्यावर विचारणार कोण? ते ट्रक तीन हजार मीटरच्या खाली कधी उतरतच नसत.

त्याच्या थोरल्या बहिणीचा, बतमाचा, नवरा मामातकेरिम असाच एक ट्रक चालवायचा. १९८१च्या जुलैत बतमाला सातव्या महिन्यातच रक्त जायला लागलं. डॉक्टर म्हणाला, "खाली ओशच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ता." वाऱ्यामुळे दोन दिवस विमान उतरलं नव्हतं. तुर्दुकुलला घेऊन तिघं त्याच ट्रकनं निघाले.

तालदिक खिंड ट्रकनं हसत ओलांडली. "मेव्हणे, सोन्याचे हात तुमचे!" मामातकेरिम म्हणाला.

पुढे रस्ता उतरत गेला, हवा दाट आणि गरम झाली. गुल्चा सोडून चिरचिकचा चढ लागला आणि बोनेटखाली डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज सुरू झाला. तुर्दुकुलनं ओळखलं, या दाट हवेत पेट्रोल वेळेआधीच पेटतंय. हेडं घासताना त्यानं फक्त वरच्या हवेचा विचार केला होता.

"दाजी, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा."

"वेडबिड लागलंय का? ताई बघ तुझी कशी पांढरी पडलीय!"

"पिस्टनला भोक पडेल. मग बसा इथंच!"

ट्रक थांबला. तुर्दुकुलनं डिस्ट्रिब्युटर सैल करून जरासा फिरवला, ठिणगी उशिरा पडेल असा. आवाज विरला, जोरही गेला. ट्रक पायी चालल्यासारखा चढू लागला.

"यापेक्षा गाढव आणलं असतं," मामातकेरिम पुटपुटला.

बतमानं भावाचं मनगट धरलं. "पोचवशील ना रे?"

त्याचे कान इंजिनकडे होते.

ओशला पोचल्यावर बतमा वाचली. पोटातली मुलगी वाचली नाही.

"तासभर आधी आलो असतो तर?" तुर्दुकुलनं डॉक्टरांना विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. ते उत्तर त्याला जन्मभर बोचलं.

परतण्याआधी त्यानं हेडांखाली गॅस्केटच्या एकाऐवजी दोन-दोन चकत्या बसवल्या. आतली जागा पुन्हा पहिल्याइतकी झाली.

"वर गेल्यावर काढून टाक," मामातकेरिम म्हणाला. "भरला ट्रक ओढणार कसा?"

पायरीवर बसलेली बतमा म्हणाली, "राहू देत. कोळसा उशिरा आला म्हणून कुणी मरत नाही."

मामातकेरिमनं मान खाली घातली.

तेव्हापासून कोळशाच्या रांगेत तो ट्रक सगळ्यांच्या मागे असायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याला म्हातारी म्हणायचे, धूर सोडत पुढे जायचे. पण कुणाच्या घरचं आजारी माणूस खाली ओशला न्यायचं झालं, की तेच ड्रायव्हर टोपी हातात घेऊन मामातकेरिमच्या दारात उभे राहायचे.