विठोबाला दोनदा खोटं पाडलं

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आमचा रघू इंटरमीजिएटसाठी कुंभकोणमहून मद्रासला जाणार. दोन कॉलेजं मनात होती. दोन्हीकडे अभ्यास तोच, परीक्षा तीच. फरक एवढाच की एकाला वसतिगृह आहे आणि दुसऱ्याच्या मागच्या गल्लीत माझ्या थोरल्या दिरांची सासुरवाडी. रघूला वसतिगृहात राहायचंय. भाऊजींना तो सासुरवाडीत हवाय, तिथल्या पोरांची शिकवणी घ्यायला.

वाद मिटेना, तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे देवाला कौल लावायचं ठरलं. वसतिगृहाच्या कॉलेजाला पांढरं फूल, दुसऱ्याला लाल. केळीच्या पानात दोन सारख्या पुड्या बांधून विठोबापुढे ठेवल्या. पुजाऱ्यांनी डोळे मिटून एक उचलली. पांढरं निघालं.

भाऊजी म्हणाले, "पुडी सैल होती. परत लावा."

परत पांढरंच.

"कोणीतरी शिंकलं. परत लावा."

कोणीही शिंकलं नव्हतं.

तिसऱ्यांदा लाल निघालं. भाऊजींनी लगेच कापूर लावला, साष्टांग नमस्कार घातला आणि म्हणाले, "विठोबाची इच्छा. आता वाद नको."

मी विचारलं, "मग आधी दोनदा कोण बोललं?"

"देवळात बायकांनी तोंड चालवू नये," म्हणाले. आमचे यजमान खांबाकडे बघत उभे राहिले. रघूने मान खाली घातली.

देवाचा कौल न ऐकणारा माणूस माझ्या पोराचं काय ऐकणार होता? आणि तुमच्या घरी, लाल फूल निघेपर्यंत पुड्या कोण बांधत बसतं?