दादाचं सांगायचं राहिलं

दादा गेल्याचा फोन शुक्रवारी सकाळी आला, तेव्हा मी लातूरच्या आमच्या गच्चीवर त्याच्यासाठीच गादी उन्हात घालत होते. रविवारी तो नांदेडहून येणार होता. गुरुवारीच उदगीरला जाऊन त्यानं माझ्या लेकीसाठी, स्नेहासाठी आलेलं स्थळ बघितलं होतं आणि संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाला होता, "घर बघून आलो. फोनवर न्हाई सांगत. ऐतवारी येतो, मंग बोलू." ...आणि आता वहिनी रडत सांगत होती की तो झोपेतून उठलाच नाही. सख्ख्या भावाचं दुःख करायचं की तो काय सांगणार होता याची धास्ती घ्यायची, मला कळेना. खोटं कशाला बोलू, धास्तीच आधी आली.

दादा काही फोनला बिचकणारा नव्हता. रोज फुलांची चित्रं पाठवून नातेवाइकांना वैताग आणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण सोयरिकीचं बोलणं फोनवर करायचं नाही, हा त्याचा हट्ट. फोनवर अर्धंच कळतं आणि भ्यायला अर्धंच पुरतं, असं तो म्हणायचा. स्थळाच्या घरी गेला की पाय धुण्याचं निमित्त करून थेट परसात शिरायचा. पुढच्या खोलीत सगळेच गुणाचे असतात म्हणे. माझ्या वेळी औशाला जाऊन आला आणि मला समोर बसवून म्हणाला, माणसं भांडकुदळ आहेत, पण जेवायला एकत्र बसतात. दोन्ही खरं निघालं. हेच फोनवर ऐकलं असतं तर मी पहिल्या शब्दालाच नकार देऊन मोकळी झाले असते.

मुलगा पुण्यात नोकरीला. बायोडाटा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आलेला, आणि चार महिने दोघं रोज व्हिडिओ कॉलवर बोलत होते. मला त्याचं सगळं माहितीये, असं स्नेहा म्हणायची. मला मात्र काहीच माहीत नव्हतं. माझ्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. तेरावा होईपर्यंत दादाचं ते बोलणं मी पुन्हा पुन्हा ऐकलं. सांगत नाही म्हणताना त्याचा आवाज पडला होता का? मध्ये थांबला, तो दम लागला म्हणून की जीभ अडली म्हणून?... ऐकून ऐकून तो आवाज भावाचा वाटेनासा झाला. शेवटी मीच उदगीरची एसटी धरली.

मुलाच्या आई कमी बोलणाऱ्या. मी पाय धुवायचं निमित्त काढलं, तर त्याही मागोमाग परसात आल्या.

"तुमचे दादा हितंच उभारले व्हते," त्या म्हणाल्या. "मुलीकडचं एक सांगायचं हाय, पर आधी बहिणीला विचारून येतो, म्हणले. तवापासून आमच्या जिवाला घोर हाय. काय व्हतं वो ते?"

म्हणजे दादा त्यांचं काही सांगायला येतच नव्हता. आमचं सांगू का, हे विचारायला येत होता.

स्नेहाला डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. हेडफोन लावले की समोरच्याला पत्ताही लागत नाही, आणि लागत नाही म्हणून चार महिने तिनंही सांगितलं नाही, मीही नाही. ते मी तिथंच सांगून टाकलं. मग धुण्याच्या दगडावरचं पाणी बाईंनी पदरानं पुसलं.

"बसा," म्हणाल्या. "आमचंबी एक सांगायचं हाय."

मी बसले. दादाची एवढी गरज मला आयुष्यात कधी पडली नव्हती.