चष्मा माझ्या पिशवीत होता

ताईचं लग्न चष्म्यापायी अडलं होतं. दोन ठिकाणांहून नकार आले होते आणि दोन्हीकडचं म्हणणं एकच, मुलगी चांगली आहे पण भिंगं फार जाड. आम्ही तेव्हा बंगळूरला कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. साठ सालानंतरची गोष्ट.

तिसरं स्थळ शेजारच्या अक्कांनी सुचवलं. वसाहतीतली काही मंडळी पक्षी बघायला जायची, त्यातलाच एक इंजिनिअर. मंडळी मद्रासच्या पुढं, समुद्राकाठच्या खाऱ्या सरोवरावर निघाली होती. पोहे नकोत, खाली मान घालून बसणं नको, तिथंच दोघं एकमेकांना सहज बघतील, असं अक्का म्हणाल्या. आईला ते फार पटलं. फक्त चष्मा घालायचा नाही, असं तिनं ताईला बजावलं. तो माझ्या पिशवीत टाकला आणि काही झालं तरी द्यायचा नाही म्हणून मला शपथ घातली. पक्षी बघायला निघालेल्या मुलीचा चष्मा काढून घ्यायचा, ही आमच्या घरची अक्कल!

रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी पोचलो. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा केवढा तरी थवा होता. सगळे बोटं दाखवायला लागले. ताई बोट जाईल तिकडं मान वळवायची आणि उगीच हसायची. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "एकदाच दे गं. लगेच काढते." मी नाही म्हटलं. मला मेलीला शपथेचं केवढं कौतुक!

तेवढ्यात तो इंजिनिअर आला. भला माणूस होता. त्यानं गळ्यातली दुर्बीण काढून ताईला दिली. ताई दुर्बिणीचं चाक फिरवत राहिली, फिरवत राहिली आणि एकदम थांबली. "अगंबाई, पाय किती लांब यांचे," असं पुटपुटली. त्या दिवसात ती पहिल्यांदा मनापासून हसली. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं. मलाही वाटलं, जमलं.

तिनं दुर्बीण परत दिली. त्यानं डोळ्यांना लावली आणि लगेच खाली घेतली. ताईच्या नजरेला जुळलेल्या दुर्बिणीतून त्याला सगळं धूसर दिसत होतं. चाकाकडं बघत त्यानं हळूच विचारलं, "नंबर किती आहे?"

ताईनं खरा सांगितला. तो दिवसभर तिच्याशी नीटच वागला, आमच्या डब्यातला दहीभातही घेतला.

आठवड्यानं अक्का निरोप घेऊन आल्या. चष्म्याला त्याची हरकत नव्हती, लपवला ते त्याला आवडलं नाही. आई ताईवरच उखडली, त्या दुर्बिणीला हात कशाला लावायचा होता म्हणून.

"मला ते बघायचे होते गं," ताई म्हणाली.

चौथं स्थळ आलंच नाही. ताई गेली तेव्हाही एकटीच होती. मी त्या काठावर चष्मा दिला असता, तर त्यानं तो तिच्या डोळ्यांवर पाहिला असता, आणि त्याला तो चालणार होता.