रांगिरिरीची लढाई आणि आमच्या प्लॉटचा पहिला कागद

माझा नवरा मंदार याच्या मते मी दुधाच्या बाटलीवरची तारीखही दोनदा वाचते. मी फार्मसिस्ट आहे, वाचणारच. पण माझ्याहून संशयी माणूस गेले दोन महिने आमच्या ऑकलंडजवळच्या पापाकुराच्या भाड्याच्या घरात मुक्कामाला होता. माझे वडील, आप्पा. साताऱ्याच्या भूमी अभिलेख खात्यात जन्मभर जमिनी मोजून निवृत्त झालेले. टे काउव्हाटाला आम्ही पसंत केलेल्या प्लॉटची फाइल चाळून त्यांनी एवढंच विचारलं, "सगळं इतकं स्वच्छ कसं?"

इथे सातबारा नसतो, टायटल असतं, त्याची हमी सरकार देतं, हे मंदारने समजावून सांगितलं. सरकारी हमीचा आप्पांना अनुभव दांडगा. "सगळ्यात पहिला फेरफार काढा," म्हणाले. म्हणजे जमीन मुळात कुणाकडून कुणाकडे गेली, त्याची नोंद. आमच्या वकीलबाई हसल्या, असं कुणी मागत नाही म्हणाल्या, पण जुन्या प्रती मागवल्या. पहिला कागद निघाला तो सरकारने एका सैनिकाला दिलेली सनद, रांगिरिरीच्या लढाईनंतरची. त्याआधी काहीच नाही. सोमवारी होकार-नकार कळवायचा होता आणि आप्पांनी हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नव्हते. म्हणून शनिवारी सकाळी लढाईची जागा आणि प्लॉट, दोन्ही बघायला निघालो.

मोटरवेने रांगिरिरी पाऊण तासावर आहे. तरी सुरुवात ग्रेट साउथ रोडने करा, असं मी सुचवेन. ज्या रस्त्याने मी मेथी आणायला जाते, तो दक्षिणेकडच्या वायकाटो प्रांतात इंग्रजांची फौज नेण्यासाठी बांधला होता हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पुढे बॉम्बे नावाचं गाव लागतं. त्या पाटीखाली प्रत्येक मराठी माणूस फोटो काढतो, आम्हीही काढला. हे नाव एका जहाजावरून पडलं, त्यातून इथे वस्ती करायला माणसं आली, असं मंदारने वाचून दाखवलं.

"कुणाच्या जागेत?" आप्पांनी विचारलं. फोटोत ते हसलेले नाहीत.

पोकेनोला आइस्क्रीमसाठी रांग असते. सिंगलच घ्या, डबल दोघांना पुरून उरतं.

रांगिरिरीला तिकीट नाही. गवत ओलं असतं, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून जाऊ नका, मी घसरले. पाहण्यासारखं म्हणजे मातीचे बांध, खंदक, कोरीव खांब आणि पाट्या. पूर्वी हायवे या तटबंदीच्या मधूनच जायचा, आता तो बाजूला वळवलाय. नोव्हेंबर १८६३ मध्ये इथल्या मूळ रहिवासी माओरींच्या राजाच्या बाजूचे लोक इथे नदी आणि तळं यांच्यामध्ये उभे राहिले. नदीतून इंग्रजांच्या गनबोटींचा मारा, जमिनीवरून पायदळ. माओरींनी अंधार पडेपर्यंत हल्ले परतवले. पहाटे आत पांढरं निशाण चढलं. माओरी म्हणतात ते बोलणी करण्यासाठी होतं. इंग्रजांनी ती शरणागती धरली आणि ते आत शिरले. पुढचा वायकाटो मोकळा झाला आणि मग बंडखोरांची म्हणून सुमारे बारा लाख एकर जमीन जप्त झाली. युद्धाचं कारण काय दिलं, तर हे लोक ऑकलंडवर चाल करून येणार होते.

"चाल करून येणारा घराजवळ खंदक कशाला खणेल?" आप्पा म्हणाले.

१९९५ मध्ये सरकारने कायदा करून लेखी माफी मागितली, थोडी जमीनही परत केली. खासगी मालकीच्या जमिनीला मात्र हात लावला नाही. म्हणजे आमचा प्लॉट सुरक्षित. हे फोनवर वाचून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

बांधाजवळ साठीच्या एक माओरी बाई तण उपटत होत्या. "किया ओरा, कुठून आलात?"

"पापाकुरा," मंदार म्हणाला. "टे काउव्हाटाला सेक्शन बघायला चाललोय." इथे प्लॉटला सेक्शन म्हणतात. कुठे काय बोलू नये हे मंदारला कधीच कळत नाही.

"आमची माणसं तिकडे गहू पिकवायची," त्या म्हणाल्या. "ऑकलंड तोच गहू खायचं."

आप्पांनी खिशातून वही काढली. "विचार गं त्यांना, शेती कुणाकुणाची होती? नावं लिहून घेतो."

मी विचारलं. बाईंनी वहीकडे पाहिलं. "नावं कशाला?"

त्यांना विश्वास वाटावा म्हणून मी सांगितलं, "माझे वडील सर्व्हेयर होते." इथे मी चुकले.

बाईंचा हात थांबला. "जमिनी मोजायला जे आले होते, तेही वहीच घेऊन आले होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "नावं राहू देत."

जन्मभर मी इतरांवर संशय घेत आले. माझ्यावर कुणी असा संशय घेण्याची ही पहिलीच वेळ, आणि तो खोटा आहे असं मला म्हणता येईना. मी मराठीत सांगितल्यावर आप्पांनी वही खिशात घातली. "बरोबर आहे त्यांचं. धरणाच्या मोजणीला जायचो तेव्हा गावात मला कुणी पाणी विचारायचं नाही. माझेही कागद चोखच असायचे."

प्लॉटवर एजंट वाट पाहत होता. "टायटल एकदम क्लीन. स्वीट ॲज. हीप्स ऑफ इंटरेस्ट आहे, खूप जण मागतायत, हं." आप्पांनी कोपऱ्यातली खुंटी पाहिली आणि एकही प्रश्न विचारला नाही. त्याचीच मला भीती वाटली. परतताना गाडीत बेकरीतले ‘पाय’, म्हणजे सारण भरलेल्या पेस्ट्र्या, खाल्ले, ते बरे होते.

सोमवारी सकाळी मी सरळच विचारलं, "आप्पा, घेऊ का?"

"घे. तू नाही घेतलीस तर दुसरा घेईल, आणि तो पहिला कागद काढणारही नाही." मग म्हणाले, "हे कारण पुरेसं आहे, असं मात्र मी म्हणत नाही."

मी सही केली. माझ्या संशयाने मला अडवलं कसं नाही, याचाच आता संशय येतो.

आमच्या घरी जमिनीच्या पहिल्या कागदाला हळद-कुंकू लावून मगच तो फाइलला लावतात. मी करंडा आणला. आप्पांनी एक कोरा कागद घेतला, सनदेच्या वर ठेवला आणि कुंकवाचं बोट त्या कोऱ्या कागदाला लावलं.

"हे काय?"

"इथे त्यांची नावं लागतात. कधी आपणहून सांगितलीच, तर."

आप्पा साताऱ्याला परत गेले. परवा बँकेतल्या माणसाने फाइल चाळताना विचारलं, हे पहिलं पान चुकून राहिलंय का, काढू का? मी नको म्हटलं.