वन्संच्या पुढे वहिनी

दुधाला उकळी फुटायच्या बेतात होती. नवऱ्याला एकच मोजा सापडला होता आणि दुसऱ्यासाठी तो माझ्याकडे असा बघत होता, जणू तो मीच पायात घातलाय. लेकीच्या केसांत कंगवा अडकला होता. खिडकीच्या काचांवर बाहेरून बर्फाची साय धरली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात तळमजल्यावरच्या वहिनी. हातात कापडी पिशवी, आणि चेहरा असा, की कुणाच्या लग्नाचा कोट इस्त्रीखाली जाळून आल्यात.

"या ना, बसा."

"बसते. आधी दुधाकडे बघ," असं म्हणत त्या स्वतःच स्वयंपाकघरात शिरल्या, गॅस बंद केला आणि पिशवीतून काळं, लांबलचक काहीतरी काढून टेबलावर पसरलं.

वहिनी आमच्या कुणाच्या नात्यातल्या नाहीत. तळमजल्यावर त्या आणि त्यांची नणंद अशा दोघीच राहतात. वहिनी कपडे दुरुस्त करतात: कुणाची चेन बदल, कुणाचा कोट उंचीला कमी कर, पोट सुटलेल्यांच्या पँटी सैल कर. नणंद दिवसभर आतून "वहिनी" अशी हाक मारते आणि त्या मशीनवरून "आले, वन्सं" म्हणतात. जिन्यातून येता-जाता ऐकून ऐकून अख्खी इमारत त्यांना वहिनी आणि वन्संच म्हणते. माझा नवरा म्हणतो, पोस्टमनही म्हणतो. "एवढ्या लोकांची नणंद झाले, पण एकाकडूनही मान मिळाला नाही," असं वन्सं म्हणतात.

वन्संना दिसत नाही. एकेकाळी त्या शाळेत खेळ शिकवायच्या आणि सगळा हिवाळा स्कीवर काढायच्या. मग नजर हळूहळू गेली, कडांकडून आत आत. आता उजेड आहे की अंधार आणि उजेडात फार तर एखादा भडक रंग, एवढंच कळतं. भाऊ वारल्यावर दोघीच उरल्या. स्कीच्या क्लबातली एक मैत्रीण काही वर्षं स्कीवर वन्संच्या पुढे चालून वाट सांगायची. तिची बदली झाली आणि त्या हिवाळ्यात वन्सं हीटरसमोर खुर्ची ओढून बसल्या, त्या बसल्याच. टोमणे मारायच्याही बंद झाल्या. वहिनींना टोमण्यांची सवय; ती शांतता त्यांना सोसवेना. एके दिवशी मशीनवरून उठून त्या म्हणाल्या, "मी होते तुमच्यापुढे."

पन्नाशी ओलांडलेली ही बाई तोवर बससाठीसुद्धा कधी धावली नव्हती. वन्सं म्हणाल्या, "तू पुढे आणि मी मागे? मग पोचायचं कधी, उन्हाळ्यात?"

पण वहिनी शिकल्या. आधी मैदानात धावायला, दोघींच्या हातात एकाच फितीची दोन टोकं. फितही त्यांनीच शिवलेली. मग स्कीवर उभं राहायला. त्या काळात त्यांची कोपरं कायम काळीनिळी असायची आणि विचारलं, तर म्हणायच्या, "जमिनीशी ओळख वाढवतेय."

दर हिवाळ्यात क्लबाची एक मोठी फेरी असते. तळ्याच्या काठाने निघायचं, झाडीतून चढायचं, उघड्या माथ्यावरून पलीकडच्या निवाऱ्यापर्यंत जायचं. डोळे असताना वन्संनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. गेल्या वर्षी दोघी निघाल्या, पण माथ्यावरच्या वाऱ्यात वहिनींच्या मांड्या गारठून लाकूड झाल्या. पाय उचलेना. अर्ध्यातून परतावं लागलं. परतीच्या वाटेवर वन्संनी एक टोमणाही मारला नाही, हे वहिनींच्या मनात रुतून बसलं होतं. यंदा क्लबाने कळवलं होतं, की पुढे चालणाऱ्या व्यक्तीने आधी चाचणीची फेरी न थांबता पुरी करून दाखवावी. नाहीतर वन्संनी निवाऱ्यात बसून गरम काहीतरी प्यावं आणि बाकीच्यांची वाट पाहावी.

"वाट पाहायला सांगतात," वहिनी म्हणाल्या, "वन्संना."

टेबलावर पसरलेल्या होत्या थंडीत धावायच्या, अंगाला आवळून बसणाऱ्या टाइट्स. आतून मऊ लव, बाहेरून गुळगुळीत. चांगल्यातल्या होत्या. म्हणजे, असाव्यात. दोन्ही बाजूंच्या शिवणी वहिनींनी कमरेपासून घोट्यापर्यंत उसवून आत काळी पट्टी बसवली होती. काम इतकं सुबक, की नजर सहज घसरून गेली असती.

"घट्ट होत होत्या गं," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक घट्ट होतंय म्हणालं, की माझा हात उसवायला धावतोच. या वेळी गिऱ्हाईक मीच होते, तरी धावला."

"पण वहिनी, त्या घट्टच असायला लागतात," लेक कंगव्याखालून म्हणाली. "आमच्या शाळेतल्या सगळ्या धावणाऱ्यांच्या तशाच असतात."

"हे शहाणपण तू कात्री लावायच्या आधी आणून द्यायचंस."

त्या टाइट्स घालून वहिनी पहाटे धावून आल्या होत्या. सुईच्या भोकांतून वारा आत शिरला, पट्टीच्या जाड शिवणीने मांडी सोलून काढली आणि पोटरीला धरून ठेवणारी पकड पार गेली. त्यात भर म्हणून आत सुती लेंगा. तो घामाने भिजला आणि मग ओल्या फडक्यासारखा गार पडून पायाला चिकटला. हे सांगताना त्या हसत होत्या, पण हाताने टेबलाची कडा घट्ट धरली होती.

"चाचणी रविवारी आहे. नव्या घ्यायला माझ्याबरोबर चल. एकटी गेले, तर पुन्हा सैलच उचलीन. वन्सं येतायत, पण आकडे कोण वाचणार? आणि माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही."

दुसरा मोजा फ्रिजवर सापडला. तो कसा तिथे गेला हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. दुपारी आम्ही तिघी निघालो.

दुकान लहान, पण उबदार होतं. भिंतीवर स्की, खाली बुटांची रांग, एका कोपऱ्यात पडद्याची ट्रायल रूम. तिथली विक्रेती स्वतः धावणारी होती, तिने आधी विचारलं, "कशासाठी हव्यात, धावायला की स्कीला?"

"दोन्हीला," वहिनी म्हणाल्या. "पाय तेच आहेत."

तिला हे उत्तर आवडलं असावं. तिने समजावून सांगितलं, की नुसतं धावायचं असेल, तर पातळ चालतात, अंग तापतंच. स्कीवर उतार लागला, की अंग थांबतं, वारा मात्र थांबत नाही. म्हणून मांडीवर आणि गुडघ्यावर पुढून वारा अडवणारं कापड हवं, मागून घाम बाहेर पडायला पातळ हवं. आतून लव, पण उगाच जाडजूड नको. घोट्याजवळ टोक सपाट हवं, नाहीतर बुटात चुणी पडून टोचते. आणि आत सुती काही घालायचं नाही. या शेवटच्या वाक्याला वहिनींनी शाळेतल्यासारखी मान खाली घातली.

वन्संनी प्रत्येक जोडी उलटी करून आतली शिवण अंगठ्याने चाचपली. "ही ओरबाडेल. ही बरी. ही कुणी शिवली? आमच्या वहिनीकडे पाठवा, शिकवील ती. फक्त तिला कात्री देऊ नका."

मग माप घ्यायचं आलं. वहिनींनी लगेच आकडा सांगितला.

"हे माप कधीचं?" विक्रेतीने विचारलं.

वहिनींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाला टेप लावली, स्वतःला कधी लावायची वेळ आली नव्हती. ते माप त्यांच्या लग्नातल्या परकराचं असणार, अशी मला दाट शंका आहे.

"इकडे आण टेप," वन्सं म्हणाल्या. त्या स्टुलावर बसल्या होत्या. वहिनी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. वन्संनी चाचपत टेप मांडीभोवती फिरवली, टोकं जुळवली आणि मी आकडा वाचला.

"चुकलीस," वहिनी म्हणाल्या. "परत वाच."

मी परत वाचला. तोच होता.

वन्संनी टेप सोडली आणि दोन्ही तळवे वहिनींच्या मांडीवर ठेवले. मग गुडघ्याच्या वर, जिथे धावणाऱ्याचा स्नायू गाठ धरून बसतो, तिथे बोटं थांबली. मग पोटरी. मग दुसरा पाय, तसाच, वरून खाली. वन्संनी डोळ्यांनी पाहिलेल्या शेवटच्या वहिनी काटकुळ्या होत्या. मशीनचा पायटा मारणारी, जिना चढताना कठड्याला धरणारी बाई. त्यानंतर इतकी वर्षं त्यांनी ऐकला तो फक्त आवाज. हे पाय त्यांच्यासाठी घडले होते आणि त्यांना ठाऊकच नव्हते. मला रोज दिसत होते, तरी मीही त्या दिवशीच पाहिले. विक्रेतीने हातातलं पेन अलगद खाली ठेवलं.

"वहिनी, हे कधी झालं?"

"तुमच्यादेखत झालं की. मागेच तर असता तुम्ही."

"मागे तुझे पाय येत नाहीत, तुझी बडबड येते." मग वन्सं विक्रेतीकडे तोंड करून म्हणाल्या, "ओंडक्यांना बसतील अशा दाखवा हो."

वहिनी टाइट्स चढवून पडद्याबाहेर आल्या. विक्रेतीने त्यांना उकिडवं बसायला लावलं, गुडघे छातीपर्यंत उचलायला लावले, मग जागच्या जागी धावायला. गुडघ्यामागे गोळा होतंय का? नाही. बोटांना मुंग्या? नाही. कंबर खाली घसरते? नाही.

"पण घट्ट आहेत," वहिनी पुटपुटल्या.

"वहिनी, हात काढ शिवणीवरून," वन्सं म्हणाल्या.

खरंच, वहिनींची चिमूट बाजूच्या शिवणीवर गेली होती. वन्संना कसं कळलं, ते मी विचारलं नाही. त्या दोघींचं काही आपल्या डोळ्यांवर अवलंबून नसतं.

रविवारी आम्हीही गेलो. मी, नवरा आणि लेक. तळ्याच्या काठी बर्फ इतका कोरडा होता, की पायाखाली पिठासारखा कुरकुरत होता. वहिनींनी अंगावर भडक नारिंगी बंडी चढवली होती. झाडीजवळ पोचेपर्यंत रंगाची एवढीशी पुसट खूण वन्संना उजेडात जाणवते म्हणे. वहिनी वाटेवर उभ्या राहिल्या, मान न वळवता म्हणाल्या, "वन्सं, आलात का?" मागून आलं, "मी कधीची आलेय. तू निघ."

आणि वहिनी निघाल्या.

हे मी कसं सांगू, कळत नाही. जिन्यात भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेणारी ती बाई बर्फावर अशी सरकू लागली, की मला माझ्या ओळखीचं त्यात काही सापडेना. त्या नुसत्या जात नव्हत्या. वाट बोलत होत्या. "सरळ... सरळ... डावी येतेय, आली, घ्या... चढ, छोटी पावलं... मोकळं... सोडा आता." आवाज चढत नव्हता, घाबरत नव्हता, एकाच लयीत चालला होता. आणि त्यामागे वन्सं काळोखात, पूर्ण वेगाने, पाठ सैल सोडून. माणूस दुसऱ्याच्या आवाजावर एवढा भार टाकू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. नवऱ्याने माझी बाही धरली होती. लेक तोंड उघडं टाकून उभी होती.

वळणावर दोन हौशी माणसं होती. दोघी जवळ आल्याबरोबर त्यांनी "शाब्बास" असा आरडाओरडा करत टाळ्या पिटल्या. मनात वाईट काही नव्हतं बिचाऱ्यांच्या. पण वहिनींचा आवाज त्या गोंगाटात बुडाला, वन्संची डावी स्की बर्फात कोरलेल्या चरातून बाहेर गेली, काठी हवेत फिरली आणि क्षणभर वाटलं, झालं. वहिनी थांबल्या नाहीत, फक्त वेग उतरवला. "इथे आहे. इथे. उजवीकडे एक पाऊल. इथे." वन्संची स्की चाचपत परत चरात आली. दोघी झाडीत शिरल्या. नारिंगी ठिपका विझला, तरी "सरळ... सरळ..." बराच वेळ येत राहिलं.

माथ्यावर त्या दिवशी वारा होता. आम्ही गाडीरस्त्याने पलीकडच्या निवाऱ्यात जाऊन बसलो. मग माथ्याच्या बाजूने आधी वहिनींचा आवाज आला, आणि त्यामागून दोघी.

क्लबाच्या माणसाने मान डोलावली. झालं, फेरीत नावं पक्की. वन्सं बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "माथ्यावर जरा कंटाळा आला. वहिनी फारच हळू चालली होती." म्हणजे सगळं ठीक होतं. गेल्या वर्षी माथ्यावरून न आलेला टोमणा यंदा आला होता.

वहिनींच्या टाइट्सवर मांड्यांपासून गुडघ्यांपर्यंत पांढरं दव गोठलं होतं. आतला घाम वाफ होऊन बाहेर पडला आणि कापडावरच जमला होता. त्यांनी माझा हातमोजा काढला आणि कमरेची पट्टी जरा ओढून माझी बोटं आत सरकवली. आत कोरडं होतं आणि भट्टीसारखं उबदार.

"बघ," त्या म्हणाल्या. "घट्ट असूनही."

लेकीच्या अंगात एव्हाना वारं शिरलं होतं. "वहिनी, मोठ्या फेरीला अख्खी इमारत येणार. बाबा शिट्टी आणणार, वरचे आजोबा डबा बडवणार, आणि मी फलक रंगवणार."

"मला काय उपयोग फलकाचा?" वन्सं म्हणाल्या. "डबा आण."

वहिनी हसल्या, पण त्यांनी माझा हात सोडला नव्हता. मला बाकापासून चार पावलं बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुझं ऐकतात सगळे, म्हणून तुला सांगते. या सगळे. पण आम्ही तुमच्यासमोरून जाईपर्यंत कुणी आवाज करू नका. त्यांना फक्त माझा आवाज ऐकू येऊ दे."