चादरीचं दुसरं टोक

ओली चादर एकट्या माणसाला नीट पिळता येत नाही. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, दोघांनी उलट्या बाजूंनी पीळ द्यायचा आणि पाणी निथळलं की चार पावलं पुढे येऊन टोकाला टोक जुळवायचं. धाकटी हे सगळं शिकली ती अक्षरओळखीच्याही आधी. ओढ्याच्या काठी बापाचा धुलाईचा धंदा होता. बाप गेल्यावर तो दादाने, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने चालवला. पोरवयात चादरीचं एक टोक दादाकडे आणि दुसरं हिच्याकडे, हे ठरलेलंच होतं. ती पीळ अर्धवट द्यायची आणि दादा चिडायचा, हेही ठरलेलं होतं.

आता धाकटीचे केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, तरी घरात ती धाकटीच. काही माणसांना बढती मिळतच नाही.

नवरा लवकर गेला तेव्हा ती ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला लागली. रंगाच्या टाकीतून काढलेल्या लडी धुवायच्या, वाळवायच्या, सुटलेली टोकं कात्रीने मुळाशी उडवायची. टोक दिसलं की लड परत यायची. कोपरापर्यंत हात कधी निळे, कधी हिरवे. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, आपल्याला बांगड्यांचा खर्च नाही. टाक्यांचं उरलेलं पाणी मात्र रात्री गुपचूप ओढ्यात जायचं. खाली धुणं धुणाऱ्यांना ते ठाऊक होतं; दिवसा ओढा साफ असायचा, म्हणून निभत होतं.

एकदा ते निभलं नाही. टाकी गळायला लागली म्हणून मुकादमाने भरदुपारी लाल रंग सोडायला लावला, आणि टाकीच्या बुडाचं बूच धाकटीनेच काढलं. खाली दादाने इस्पितळाच्या चादरी ओढ्यात भिजत घातल्या होत्या. त्या सगळ्या गुलाबी झाल्या. निथळती चादर खांद्यावर टाकून तो कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मॅनेजरने धुलाईच्या बायकांना बाहेर बोलावून विचारलं, "आज टाकी सोडली का?" बायका मूग गिळून गप्प. मॅनेजर चतुर माणूस. तो धाकटीकडे वळला. "तुझाच भाऊ ना हा? मग तूच सांग."

नोकरी गेली असती. पदरात लहान मुलगी होती. हे सगळं खरं आहे, आणि तरीही जे झालं ते वाईटच झालं. ती दादाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नाही सोडली. वरून आलं असेल पाणी."

दादाने तिच्या कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांकडे पाहिलं आणि तो निघून गेला. इस्पितळाचं काम दुसरीकडे गेलं. दादा नळाच्या पाण्यावर, दोन-चार घरांच्या कपड्यांवर येऊन ठेपला. बहिणीशी बोलणं त्याने त्या दिवसापासून टाकलं. चादरीचं दुसरं टोक वहिनी धरू लागली. वहिनी बाजारात भेटली तर हळूच धाकटीच्या हातावर हात ठेवायची, घरात मात्र तिचं नाव काढत नसे. मग वहिनीही गेली. धाकटी दारात उभी राहिली. दादाने तिला आत ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

त्यानंतर तो अंगणातल्या खांबाला चादर बांधून एकटाच पिळायचा. कारखान्याच्या वाटेवर एक लहानसा पूल आहे, त्यावरून ते अंगण दिसतं. धाकटी रोज पुलावर थांबायची. खांब काही पीळ देत नाही, त्यामुळे चादर निम्मी ओलीच राहायची. तिला वाटायचं, धावत जावं आणि ते टोक सोडवून हातात घ्यावं. आयुष्याकडून तिला दुसरं काही नको होतं.

पुढे कारखान्यावर ओढा नासवल्याची नोटीस आली आणि मालकाने एक इंजिनीअर बाई आणल्या. बाईंनी मागच्या पडीक जागेत आधी गाळ बसायला हौद बांधला, त्याला लागून खडीचे वाफे आणि शेवटी एक पसरट, उथळ तळं केलं. वाफ्यांत आणि तळ्यात पाणकणीस हे दलदलीतलं उंच गवत लावलं. सगळं सांडपाणी यातून रमतगमत जाणार आणि मगच ओढ्याला मिळणार. कारखान्यात हसू पिकलं. "घ्या! आता आपला रंग गवत पिणार!"

"गवत रंग पीत नाही हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "मुळांवर आणि खडीवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते घाण खातात. त्यांना हवा लागते. पाणकणसाचं ताट, म्हणजे हा उभा दांडा, आतून पोकळ असतं, ते हवा खाली नेतं. अगदी वाळलेलं ताटसुद्धा."

रंगाने धाकटीच्या हातांची सालं निघायला लागली होती, म्हणून वाफ्यांची राखण तिच्याकडे आली. बाईंनी तिला बजावून सांगितलं, "कापाल तेव्हा पाण्याच्या वर वीतभर ताट राहू द्या. कापलेलं तोंड पाण्याखाली गेलं की मूळ गुदमरतं." धाकटीने मान डोलावली. मान डोलावण्यात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं.

पाणकणीस रुजलं. तळ्याच्या तोंडाशी ओढ्याकडे निघणारं पाणी हळूहळू निवळत गेलं, बोटभर मासे दिसू लागले. दादाची मुलगी मुद्दाम बघून गेली आणि तिने घरी सांगितलं. चार दिवसांनी ती आत्याकडे निरोप घेऊन आली. "बाबा म्हणाले, हिवाळा सरला की एक चादर घेऊन येतो. बघू म्हणाले, पांढरी राहते का."

धाकटीला त्या रात्री झोप आली नाही. दादा येणार! आणि तळं कसं दिसत होतं? थंडीने ताटं वाळून तपकिरी, आडवीतिडवी, कुणी वाली नसलेल्या अंगणासारखी. सारी उमर टोकं मुळाशी कापण्यात गेलेली बाई ती. तिने तळ्याचं पाणी उतरवलं, विळा घेतला आणि गाळाला टेकवून एकेक ताट साफ केलं. मग पाणी पुन्हा काठोकाठ भरलं. एक टोक वर दिसत नव्हतं. तळं घासलेल्या परातीसारखं लखलखलं आणि ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

उन्हं तापायला लागली, पण हिरवा कोंब काही वर येईना. पाणी काळपट झालं, त्याला सडका वास सुटला. दादा यायला नको, असं तिने मनात शंभरदा म्हटलं असेल. पण शब्द दिला की पाळायचा, ही त्या घराची जुनी खोड. एके सकाळी तो काठी टेकत आला, ओणवं होऊन त्याने तळ्याच्या तोंडाशी चादर बुडवली आणि वर काढली. चादरीवर करडे ओघळ होते.

धाकटी काही बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, "वरून आलं असेल पाणी."

चादर तिथेच टाकून तो गेला. कित्येक वर्षांपूर्वीचं तिचं वाक्य त्याने इतकं जपून ठेवलं होतं. ती मटकन खाली बसली आणि रडली.

इंजिनीअर बाई आल्या त्या थेट पाण्यात उतरल्या. त्यांनी एक खुंट उपटला. तो उकडलेल्या भाजीसारखा बोटांत आला. "हे कापलं कुणी?" काठावर मॅनेजर उभा होता, रंगखान्यातली माणसंही होती. "थंडीने गेलं असेल," मॅनेजर म्हणाला. "कीड असेल," आणखी कुणी म्हणालं. सगळ्यांनी धाकटीसाठी वाट मोकळी केली होती, फक्त हो म्हणायचं होतं.

"मी कापलं," धाकटी म्हणाली. "मुळाशी. तुम्ही सांगितलं होतं, तरी कापलं."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "पाणी उतरवा," एवढंच म्हणाल्या. काठच्या कपारीत विळा पोचला नव्हता तिथली मुळं जिवंत होती. ती वाढेपर्यंत कारखान्याला निम्म्याच टाक्या चालवायची ताकीद मिळाली. निम्म्या टाक्या म्हणजे निम्म्या बायका घरी. ज्या बायकांबरोबर तिने जन्मभर डबा खाल्ला, त्या आता तिला बघून रस्ता ओलांडू लागल्या. तिने काही तक्रार केली नाही. आपल्याच हाताने केलेलं, बोलणार कुणाला?

बाईंनी खुंट उपटला त्याच संध्याकाळी ती दादाच्या दारात गेली. तो दिवा लावत होता.

"दादा, त्या दिवशीचं पाणी माझ्यामुळे नासलं. तू येणार म्हणून मी ताटं मुळाशी कापली आणि ती गुदमरली. कारखान्याचा त्यात दोष नाही." ती थांबली. "आणि ती लाल टाकी... ती सोडली होती. बूच मीच काढलं होतं."

दादाने दिव्याची वात पुढे सारली.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "चादरींचं दुःख नाही गं. चादरी काय, नव्या आणता येतात. तू माझ्या डोळ्यांत बघून बोललीस."

"हो."

"जा आता. अंधार पडतोय."

त्याने दार लावलं नाही. ती वाट उतरून पुलापर्यंत गेली तरी उजेड मागे रस्त्यावर पडलेला होता.

काठची मुळं ती ओंजळी-ओंजळीने तळ्यात लावत राहिली. चिखलात गुडघ्यांचे बारा वाजले. पाणकणीस पुन्हा उभं राहायला एक अख्खा हंगाम गेला. टाक्या पुन्हा चालू झाल्या, बायका कामावर आल्या. त्यांतल्या काही बोलल्या, काही नाही बोलल्या. पुढच्या थंडीत तिने विळा धरला तो पाण्याच्या वर वीतभर. खुंट वेडेवाकडे, उंचसखल दिसत होते. मॅनेजर म्हणाला, "मावशी, हे काय, न्हाव्याने अर्ध्यावर सोडल्यासारखं?" ती पुढच्या खुंटाकडे वळली.

खुंटांतून हिरवे कोंब फुटले तेव्हा दादा आला. या वेळी निरोप नव्हता. ती चिखलात रोपं नीट करत होती. त्याने चादर पाण्यात बुडवली, धोंड्यावर घासली, खळबळली आणि उन्हात धरली. धाकटी काठावर येऊन उभी राहिली.

"किनारीला पिवळट आहे," दादा म्हणाला.

"आहे. सगळा रंग जात नाही," ती म्हणाली. "आमच्याच टाक्यांचा आहे तो. बाई म्हणतात, अजून एक वाफा लागेल."

दादाने मान हलवली. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुंपणाचा एक खांब जवळच होता, चादर बांधायला चांगला भक्कम. त्याच्याकडे तो जरा वेळ बघत राहिला. मग चादरीचं एक टोक त्याने तिच्यापुढे केलं.

"धर. आणि पीळ पुरता दे. लहानपणी अर्धवट द्यायचीस."

तिने धरलं. दोघांनी पीळ दिला. दादाची पकड आता राहिली नव्हती, त्याचं टोक सुटू लागलं, म्हणून तिने आपला पीळ सैल केला. दादाला ते कळलं, पण तो चिडला नाही. पाणी निथळलं, पीळ उलगडला आणि टोकाला टोक जुळवायला दोघं पुढे आली. तेव्हा तिचं लक्ष गेलं. तिचे हात चिखलाने माखलेले होते आणि पांढऱ्या चादरीवर तिच्या पाचही बोटांचे डाग उमटले होते. तिने दचकून हात मागे घेतले.

दादाने डागांकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे.

"धरून ठेव गं," तो म्हणाला. "पुन्हा धुऊ."