वरून ढकलणारं माणूस

"वास येतोय म्हणजे येतोय. माझ्या नाकाला काय वेड लागलंय?" बायकोने खिडकी धाडकन उघडली. "भिंतीपलीकडे पेट्रोल ठिबकतंय, आणि मी इथे शेगडी पेटवू?"

"थेंबभर आहे. खाली डबा ठेवलाय."

"ठेवा. जन्मभर डबेच ठेवा."

"धाकटा आला की बदलू गाडीच्या नळ्या."

"भावजी येणार, येणार म्हणता म्हणता मुलगी लग्नाची झाली."

"मला मध्ये ओढू नका," मुलगी आतून म्हणाली.

दादा भिंतीपलीकडच्या शेडमध्ये गेला. धाकटा भाऊ त्याला दादा म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीच त्याला दादा म्हणू लागली होती. लेथवर उभं आयुष्य गेलं, पण जीव अडकला होता या बुटक्या, दोन सीटच्या लाल गाडीत. दोघा भावांनी ती भंगारातून आणून उभी केली होती. टाकी मागे, इंजिन पुढे. पेट्रोलची नळी पोटाखालून लांबवर जायची. ती घालताना दादा खाली आडवा व्हायचा आणि धाकटा वरून ढकलायचा. "ढकल." "थांब, अडकली." "दादा, ओढ आता." मग दोघं काळ्या तोंडाने भटकायला निघायचे.

तार बांधून एकट्यालाही नळी ओढता आली असती. हे त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

धाकटा परदेशी गेला. आधी दर फोनला विचारायचा, "नळ्या माझ्यासाठी राखून ठेवल्यास ना?" आता तब्येत विचारतो, पाऊसपाणी विचारतो.

दादाने गाडीखाली हात घातला. जुन्या नळीचं वरचं रबर बोटांत भुगा होऊन आलं. मग त्याने खिळ्यावरचं नव्या नळीचं वेटोळं उतरवलं. धाकटा पहिल्यांदा 'येतो' म्हणाला होता, तेव्हाच आणून टांगलेलं, कोरं. सहज वाकवून पाहिलं, तर रबराला बारीक भेगा पडल्या. अजून थेंबभर पेट्रोलही तिच्यातून गेलं नव्हतं.

बराच वेळ तो ती नळी वाकवत, सरळ करत बसला.

घरात येऊन त्याने हात धुतले. मायलेकी ताटं मांडत होत्या.

"उद्या नवीन नळी आणतोय," तो बायकोला म्हणाला. "रविवारी सकाळी बसवायची. मी खाली असेन, वरून तू ढकलायचंस. स्वयंपाक पोरगी बघेल."